विषमज्वरानंतरचे केस आणि गुंजेचा लेप

डॉक्टरांनी माझे वीसेक केस चिमटीत धरून हलकेच ओढले. अकरा त्यांच्या बोटांत राहिले. मग शेजारी बसलेल्या दौलतचे तेवढेच धरले. नऊ आले. दोन्ही पुंजके त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवले, भिंगातून पाहिले आणि दोघांना एकच निदान सांगितले: पोस्ट-फेब्राइल अ‍ॅलोपेशिया. अ‍ॅलोपेशिया म्हणजे केस गळणे. पोस्ट-फेब्राइल म्हणजे तापानंतरचे.

दौलतने "अच्छा" म्हणून मान हलवली. माझ्या मनात नऊ आणि अकरा हे आकडे राहिले.

डॉक्टर म्हणाले, "मुळे जिवंत आहेत. मोठ्या तापात शरीर केसांची वाढ थांबवते. थांबलेले केस दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. सहा महिन्यांत परत येतील. औषध नाही. नीट जेवा."

मी विचारले, "काहीच लावायचे नाही?"

"लावायचेच असेल तर खोबरेल लावा. त्याने केस येणार नाहीत, पण तुमच्या हाताला काम मिळेल."

"चलो, छुट्टी झाली," असे म्हणून दौलत उठला. चैत्रातली सकाळ होती. गोंदियाच्या दवाखान्याच्या ओसरीत आमच्यामागे वीस-पंचवीस माणसे बसली होती आणि त्यांतल्या प्रत्येकाचे केस मला दाट दिसत होते.

दौलत माझा साडू. माझी बायको सावित्री थोरली, त्याची कौसल्या धाकटी. मी नागपूरच्या एका दैनिकात आठ वर्षे उपसंपादक होतो आणि नंतर गोंदियाहून त्याच पत्राला बातम्या पाठवत होतो. दौलतचा धानाचा व्यापार होता. मार्गशीर्षात गोरेगावजवळच्या एका लग्नाला आम्ही गेलो, एकाच पंगतीत जेवलो, एकाच रांजणातले पाणी प्यालो आणि पंधरा दिवसांत दोघेही टायफॉइडने आडवे झालो. टायफॉइड म्हणजे विषमज्वर. आमच्याकडे त्याला मोतीझिरा म्हणतात. दौलतचा ताप चोविसाव्या दिवशी उतरला, माझा एकतिसाव्या. फाल्गुनाच्या अखेरीस दोघांच्याही उशीवर केस दिसू लागले.

इथे सासऱ्यांविषयी सांगितले पाहिजे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांचे घराणे कोहळी. तलाव बांधणे हे त्या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. त्यांच्या पणजोबांनी बांधलेला तलाव गावाच्या वरच्या अंगाला आहे. आश्विनात धान निसवू लागले, म्हणजे लोंब्या बाहेर येऊ लागल्या, की त्याचे पाणी शेतांना सोडतात. पाणी सोडायच्या जागेला तुडूम म्हणतात. तलावाच्या पोटात उतरलेल्या दगडी पायऱ्या असतात, त्यांत भोके असतात आणि भोकांत लाकडी खुंटे ठोकलेले असतात. पहिला खुंटा त्या घराच्या पुरुषाने काढायचा. गाव पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे असते. तो पागोटे उतरवून पाण्यात शिरतो, बुडी मारतो आणि खुंटा घेऊन वर येतो. डोके उघडेच असावे लागते.

मामाजींनी हे तीस वर्षे केले. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांना मुलगा नव्हता. "औंदा दोन जवायांपैकी एक उतरेल," असे त्यांनी होळीला सांगितले. कोण, ते सांगितले नाही. थोरला जावई मी. मान माझा, असे मी धरून चाललो. त्या घराचे नाव पुढे कोणाच्या हातून चालणार, हे त्या एका बुडीने ठरणार होते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला की हातात केस येत होते.

आश्विनाला सहा महिने होते. डॉक्टरांनीही सहाच सांगितले होते. मला ते पुरेसे वाटले नाहीत.

वैशाख आणि ज्येष्ठ या दोन महिन्यांत मी जे जे केले आणि डॉक्टरांना जे जे विचारले, ते इथे देतो. कोणाला तरी उपयोग होईल.

पहिल्यांदा मी गुळगुळीत मुंडण केले. केस दाट येतात असे सगळेच सांगतात. डॉक्टर म्हणाले, "वस्तऱ्याला मूळ दिसत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो जाड वाटतो, इतकेच." मग माक्याचे तेल लावले, कांद्याचा रस लावला. रसाने उशीला वास लागला. नागपूरहून क्विनाइन घातलेला एक टॉनिकचा शिसा मागवला. त्याने टाळू गार वाटायची. कॅन्थरायडिनच्या लोशनची जाहिरात मी स्वतःच एकदा छापायला दिली होती. कॅन्थरायडिन म्हणजे एका किड्यापासून काढलेला द्रव. कातडीला लागला की फोड येतो. डॉक्टरांनी ते द्यायला नकार दिला. "ते चाईवर थेंबभर लावतात. तुम्हाला चाई नाही."

चाई वेगळी. तिला अ‍ॅलोपेशिया अ‍ॅरिएटा म्हणतात. तीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा एकाएकी पडतो, बाकीचे केस जागेवर असतात. मुलांच्या डोक्यात खवले धरून केस तुटतात तो गजकर्णाचा प्रकार आणखी वेगळा. त्याला मलम आहे, आणि मोठ्या शहरांत त्यासाठी क्ष-किरणही वापरतात. कपाळापासून मागे सरकत जाणारे टक्कल बहुधा घराण्यातून येते आणि त्यावर कोणाकडेही काही नाही. या सगळ्यांत आमचाच प्रकार सगळ्यात सोपा, असे डॉक्टर म्हणत. तो आपोआप बरा होतो, नुसते थांबायचे असते. माझ्याकडून तेवढेच झाले नाही.

दौलत दर रविवारी घरी येई. पाटावर बसताना टोपी काढून मांडीवर ठेवी. मी समोर बसत असे. आषाढाच्या पहिल्या रविवारी त्याच्या कानशिलांवर बारीक लव दिसली. माझ्या कानशिलांवर ती त्यानंतर अकरा दिवसांनी आली.

सावित्रीने एकदा मला आत बोलावले. "अवो, तुम्ही त्याच्या डोस्क्याकडे काऊन पाहून राहिले? तो जेवून राहिला ना."

"पाहत नाही."

"कौसल्या विचारून राहिली, तिच्या नवऱ्याच्या डोस्क्यात ऊ दिसली का म्हणून."

मी दौलतला विचारले, "तू काय लावतोस?"

"कुछ नहीं, साडभाऊ."

"तेल?"

"कवा आठवलं तं. अन् तुम्ही?"

"मीही काही नाही," मी म्हणालो. मुंडण केलेल्या माझ्या डोक्याला त्या वेळी माक्याचा वास येत होता.

तो खरे सांगत होता. मला ते पटले नाही. ज्याचा ताप आठवडाभर आधी उतरतो, ज्याचे केस दोनाने कमी गळतात आणि आधी येतात, तो काही तरी लपवत असलाच पाहिजे, असे मी ठरवून टाकले.

पोळ्याच्या तीन दिवस आधी मी त्याच्या घरी गेलो. तो बाजारात होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पितळी वाटीत पाणी होते आणि पाण्यात मूठभर गुंजा भिजत होत्या. लाल, काळ्या ठिपक्याच्या. शेजारी छोटा वरवंटा. मी पाहतो आहे असे दिसताच कौसल्याने वाटीवर ताटली झाकली.

गुंज वाटून चाईवर लावतात हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. मी पाणीही न पिता निघालो.

त्याच दिवशी मी बाजारातून गुंजा आणल्या आणि लखन न्हाव्याला बोलावले. तो आमच्या दोघांचीही हजामत करायचा.

"गुंज?" तो म्हणाला. "तुम्हाले चाई थोडीच आहे जी? गुंज चाईवर लावतेत, तेही दुधात शिजवून. अख्खं डोस्कं पातळ झालं तं गुंज कायले?"

"दौलत लावतो."

"मले तं नाई सांगतलं त्यानं. अन् त्याच्या डोस्क्यावर मले तं काई दिसलं नाई."

"तू फक्त खरवड. लावायचे माझे मी पाहतो."

त्याने टाळूच्या मध्यावर, पेला ठेवता येईल एवढ्या जागेत, वस्तऱ्याने कातडी लाल होईपर्यंत खरवडली. लावायला तो तयार झाला नाही. "माह्या हातानं नाई," असे म्हणून त्याने हत्यारे गुंडाळली. त्यात त्याचा काही दोष नाही, हे मुद्दाम लिहितो.

गुंजा मी कच्च्याच वाटल्या. दुधात शिजवायला वेळ लागला असता आणि सावित्रीला कळले असते. दौलतने एकदा लावली असेल तर मी रोज लावायची, या हिशेबाने चार दिवस सकाळी लेप दिला. दुसऱ्या दिवशी आग झाली. तिसऱ्या दिवशी फोड आले आणि मानेच्या गाठी सुजल्या. चौथ्या दिवशी ताप आला आणि पू वाहू लागला. सावित्रीला मी गळू झाले असे सांगितले. ती कडुनिंबाच्या पाण्याने धुवून देई आणि काही विचारत नसे. बाराव्या दिवशी खपली पडली. खाली रुपयाएवढी गुळगुळीत, चकाकणारी, फिकट जागा होती.

भाद्रपदाच्या मध्यापर्यंत माझ्या बाकीच्या डोक्यावर केस आले. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत आले, आणि चांगले आले. त्या रुपयाएवढ्या जागेत एकही आला नाही.

त्या महिन्यात आम्ही मामाजींकडे गेलो. मी विहिरीवर उघड्या डोक्याने आंघोळ केली आणि पाणी भरायला आलेल्या एका बाईने तो चट्टा पाहिला. दोन दिवसांत गावाने निदान केले: महारोग. तिसऱ्या दिवशी सावित्री हळदीकुंकू द्यायला शेजारी गेली, तर दार आतून लावून घेतले गेले.

मामाजी आमच्याबरोबरच गोंदियाला आले. "डाक्टरले दाखवू," एवढेच म्हणाले. स्टेशनवर दौलत बैलगाडी घेऊन आला होता. सावित्रीला घरी सोडून आम्ही तिघे दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची बारीक वात डोक्यावर टेकवत गेले. "लागले की बोट वर करा." चट्ट्याच्या कडेला मला लागत होते. मध्ये त्यांनी किती वेळा टेकवली ते मला कळले नाही; डोळे उघडले तेव्हा मामाजी माझ्या बोटाकडे पाहत होते.

मग डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली, मानेच्या बाजूची चाचपली. महारोगात या नसा जाड होतात. त्या जाड नव्हत्या. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन त्यांनी काचेवर स्मिअर घेतला. स्मिअर म्हणजे कातडीतला रस काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणे. "तीन दिवसांनी या," ते म्हणाले. "इथे काही लावले होते का? भाजले होते?"

"नाही," मी म्हणालो. दौलत दारात उभा होता.

त्या तीन दिवसांविषयी थोडेच लिहितो. पहिल्या दिवशी मी माझे ताट वेगळे करायला सांगितले. सावित्रीने ते ठेवले, मी जेवून उठलो आणि ती त्याच ताटात जेवायला बसली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तसेच केले. मामाजी ओसरीत बसून ते पाहत होते. या आजारात मला ज्यांचे ऋण मानायचे आहे त्यांत तिचे नाव पहिले आहे.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, "स्मिअर निगेटिव्ह आहे. जंतू दिसले नाहीत. पण एका निगेटिव्हवर मी लिहून देणार नाही. मध्ये स्पर्श नाही आणि चट्टा कशाने पडला ते कळत नाही. महिन्याने पुन्हा पाहू."

महिन्याने आश्विन संपत आला असता. मी तेवढाच हिशेब केला. मामाजींनी वेगळा केला होता. ते म्हणाले, "तंवर पोरगी माह्याकडे राहील."

"ती येणार नाही," मी म्हणालो.

"मी नेईन तं येईल. गावातल्या बाया आज दार लावून राहिल्या, उद्या गोंदियातल्याही लावतील. तुमच्या घरी एकटीच काहाले मरेल ते?"

खोलीत डॉक्टर होते, मामाजी होते आणि दौलत होता. डॉक्टर दौत पुसत होते. मी म्हणालो, "गुंज लावली होती."

डॉक्टरांनी वर पाहिले. "शिजवलेली?"

"कच्ची. खरवडून. चार दिवस."

"का? तुमचे केस येतच होते."

"दौलत लावतो असे मला वाटले. त्याच्या आधी यावेत म्हणून."

मग दौलत म्हणाला, "म्या? गुंज? कवा जी?"

"पोळ्याच्या आधी. वाटीत भिजत होत्या."

"अगा बापा!" दौलत भिंतीला टेकला. "साडभाऊ, ते तं नंदीचे डोळे होते! पोराइचा तान्हा पोळा नव्हता का? लाकडाच्या नंदीले गुंजेचे डोळे लावतेत. पोरं तोंडात घालतील म्हणून कौसल्यानं झाकून ठेवलं."

तो हसत होता. खोलीत दुसरे कोणी हसत नव्हते.

डॉक्टर पुन्हा भिंग घेऊन आले आणि चट्टा बराच वेळ पाहत राहिले. "सिकॅट्रिशियल अ‍ॅलोपेशिया," ते म्हणाले. "व्रण पडून आलेले टक्कल. व्रणाची कातडी जाड झाली की तिथे स्पर्श कळत नाही. मुळे जळाली आहेत. इथे केस येणार नाहीत. बाकी तुम्हाला काही नाही." त्यांनी कागद घेतला आणि त्यावर तेच लिहून सही केली. मी त्यांचा वेळ खोटे बोलून वाया घालवला होता. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

बाहेर आल्यावर मामाजींनी कागद दोनदा वाचला. "मले कागद वाचता येते," ते म्हणाले. "गावाले नाई येत." मग म्हणाले, "खुंटा दौलत काढेल."

"चट्ट्यामुळे?"

"नाई. पाण्यात उतरल्यावर ध्यान खुंट्याकडे पायजे. पाळीवर कोन उभा आहे तिकडे नाई."

मी त्यांच्या हातून कागद घेतला आणि त्याची घडी घातली.

वाचणाऱ्यांपैकी कोणाचे केस मोठ्या तापानंतर, बाळंतपणानंतर किंवा उपासमारीनंतर गळत असतील तर त्यांना माझे सांगणे एवढेच. डॉक्टरांना दाखवा. ते थांबा म्हणाले तर थांबा. काही लावलेच असेल तर त्यांनी विचारल्यावर खरे सांगा. आणि त्याच वेळी आजारी पडलेले दुसरे कोणी ओळखीचे असेल, तर त्याच्याशी आपली तुलना करू नका. हे शेवटचे मला कोणी सांगितले नव्हते आणि सांगितले असते तरी मी ऐकले असते असे वाटत नाही.

आश्विनातला तो दिवस कोरडा आणि उन्हाचा होता. गाव पाळीवर जमले. माझ्या आणि सावित्रीच्या भोवती दहा हात मोकळी जागा होती. दौलत पागोटे उतरवून पायऱ्यांवर उभा राहिला. त्याचे केस मानेपर्यंत आले होते आणि वाऱ्याने हलत होते. मी पाहायचे नाही असे ठरवले होते. पाहिले.

मामाजी माझ्याकडे वळले. "पागोटं काढा."

मी काढले.

"हा चट्टा काहाचा आहे ते सगळ्याइले सांगा."

मी मोठ्याने सांगितले. साडूचे केस आधी आले, मला ते सहन झाले नाही, म्हणून कच्ची गुंज लावून मी डोके जाळून घेतले. तीन वाक्ये झाली. मामाजींनी अंगठा चट्ट्यावर दाबला, मग त्याच हाताने प्रसादाच्या फुटाण्यांतले चार उचलून तोंडात टाकले आणि चावत उभे राहिले.

प्रथम एक म्हातारा पुढे आला आणि बोटाने चट्टा दाबून पाहिला. "दुखते का जी?"

"नाही."

त्याच्यामागे दुसरा आला. मग बायका आल्या. एक म्हणाली, "मांगच्या साली बाळंतपणात माहे केस गेले. तेही असंच का?"

"हो. ते परत येतात."

"आले ना. मीच सासूले सांगून राहिली होती."

एका टकल्या माणसाने सगळ्यांना बाजूला सारले. "माह्यं वीस वर्साचं आहे. गुंज नाई लावायची, मंग काय लावू?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

"काहीच नाही."

"मंग गोंदियाले जाऊन तुम्ही शिकून काय आले?" तो म्हणाला. लोक हसले. सावित्रीही हसली. आमच्याभोवती आता मोकळी जागा राहिली नव्हती. मी खाली वाकलो, कारण मागच्यांना दिसत नव्हते.

तेवढ्यात तुडुमातून घरघर आवाज आला आणि पाटात पाणी पडले. मी मान वर केली. दौलत छातीभर पाण्यात उभा होता. केस कपाळाला चिकटले होते, डोक्यावर धरलेल्या हातात खुंटा होता. पाळीवरच्या अर्ध्या माणसांची त्याच्याकडे पाठ होती. तो आमच्या घोळक्याकडे पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मला परके नव्हते.

मला वाईट वाटायला हवे होते. मला बरे वाटले, आणि ते मी थोडा वेळ तसेच वाटू दिले.

मग मी पागोटे डोक्यावर ठेवले आणि म्हणालो, "तिकडे पाहा. पाणी सुटले."

लोक वळले. दौलतने खाली आलेला हात पुन्हा वर केला.